‘लिनक्स हे बायकांचं काम नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, बचत गटाच्या, माहेरच्या आणि शाळेतल्या शिक्षिकांच्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. म्हणून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी आणि फुकट मिळणारी सिस्टिम, टाकून बघा, असं बरेच जण सुचवतात. हा मेसेज त्यावरचा इशारा म्हणून फिरतोय.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लिनक्स म्हणजे काळा स्क्रीन आणि कमांड. एक चूक झाली की कॉम्प्युटर बाद आणि फोटो गेले. बायकांना तांत्रिक गोष्टींची मुळात आवडच नसते. मराठी टाइप होत नाही, ऑफिसची कामं होत नाहीत, फुकटची वस्तू धड नसते. आणि शेवटी धावाधाव घरातल्या पुरुषालाच करावी लागते. तेव्हा भगिनींनी या फंदात पडू नये, सरळ नवा लॅपटॉप घ्यावा.

एरवी मी असे मेसेज वाचून सोडून देते. पण आम्ही काही जणी शनिवारी दुपारी कॉम्प्युटर घेऊन बसतो, तिथे येणाऱ्या दोघी या मेसेजनंतर यायच्या थांबल्या. एकीने फोनवर सांगितलं, “ताई, माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. उगीच मशीन बिघडायचं.” मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला तो लॅपटॉप मुलगी नोकरीला पुण्याला गेल्यापासून कपाटात पडून आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते. मी गणिताची शिक्षिका आहे. कॉम्प्युटरचं माझं रीतसर शिक्षण एमएससीआयटीपुरतंच आहे.

काळ्या स्क्रीनपासून सुरुवात करू. लिनक्समध्ये तो आहे, हे खरं. विंडोजमध्येही आहे. इतकी वर्षं विंडोज वापरून आपल्यापैकी किती जणींनी तो उघडला? लिनक्स मिंट हा प्रकार मी नव्या बाईला आधी दाखवते, कारण त्यात खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि खिडकी बंद करायची फुली वर उजवीकडे, असं सगळं सवयीच्या जागी सापडतं. नवा प्रोग्रॅम हवा असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, बटण दाबायचं. फोनमध्ये प्ले स्टोअरवरून ॲप घेतो तसंच. आणि फोनचा विषय निघालाच आहे तर अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. माझ्या सासूबाई त्यावर रोज व्हिडिओ कॉल करतात, त्यांना कधी एक कमांड टाकावी लागलेली नाही.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं, मदतीच्या लेखांमधून. लिनक्सची कुठलीही अडचण शोधली की उत्तरादाखल कमांडची एक ओळ मिळते. लिहिणाऱ्याला ते सोपं पडतं. ‘मेनूत जा, मग तिसरा पर्याय निवडा, मग डावीकडे बघा’ असं दहा ओळींत सांगण्यापेक्षा एक ओळ चिकटवता येते. बरीचशी कामं माऊसनेही होतात, पण ते सांगायचे कष्ट कुणी घेत नाही. नव्या बाईने ती ओळ बघितली की तिला वाटतं, एवढं यायलाच हवं. यायला हवं असं नाही. उलट, अर्थ कळत नसेल अशी ओळ कुठूनही उचलून चिकटवू नये, विशेषतः ‘सुडो’ने सुरू होणारी, कारण ती सगळे अधिकार हातात घेऊन काम करते.

बिघडण्याच्या भीतीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण बायका थांबतात त्या इथेच. आणि हे भय उगाच आलेलं नाही. घरात मिक्सर बंद पडला तरी ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न आधी कुणाला येतो, ते आपल्याला माहीत आहे. कॉम्प्युटर तर महागाची वस्तू. तेव्हा हात न लावणं हाच शहाणपणा, असं मनात पक्कं बसतं.

लिनक्सची जी सोय सगळ्यात आधी सांगायला हवी ती नेमकी याच भीतीवर आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, लॅपटॉपवर टाकावं लागत नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. एकदा कुणाकडून तरी तो तयार करून घ्यायचा, लॅपटॉपला लावायचा आणि चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. समोर अख्खा डेस्कटॉप येतो. इंटरनेट चालतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, हे सगळं तपासता येतं. जे चाललेलं असतं ते पेनड्राइव्हवरून आणि मेमरीत. आपण मुद्दाम डिस्क उघडून तिच्यात काही बदल केल्याशिवाय हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा चालू केला की आपलं जुनं विंडोज जसंच्या तसं. दुकानात साडी अंगावर लावून बघतो आणि नको तर घडी परत देतो, तितकंच हे. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालतं, एवढं लक्षात ठेवायचं.

मेसेजमधला एक इशारा मात्र मी ठळक करून सांगेन. लिनक्स कायमचं बसवताना ‘डिस्क पुसून टाका’ असा पर्याय येतो. तो निवडला तर फोटो, कागदपत्रं, सगळं जातं. म्हणून डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ चिन्हाला हात लावण्याआधी सगळ्या फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायचीच, आणि काढलेली नक्कल उघडून बघायची. काही लॅपटॉपवर बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरची माहिती बंद करून ठेवणारं विंडोजचं कुलूप असतं, त्याची रिकव्हरी की (ते उघडायचा लांबलचक आकडा) आधी वहीत उतरवून ठेवायची. हे दोन नियम मी सोडत नाही, समोरची कितीही घाई करो.

बसवल्यानंतरची गोष्ट वेगळी. रोजच्या वापरात सिस्टिमच्या फायलींना हात लावायचा तर पासवर्ड विचारला जातो, चुकून क्लिक करून त्या पुसल्या जात नाहीत. मिंटसोबत टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम येतो. आज सगळं ठीक असताना त्यात सिस्टिमची एक प्रत घेऊन ठेवली, तर पुढे एखाद्या अपडेटने गडबड केली तर मागे जाता येतं. तो सिस्टिम सांभाळतो, आपले फोटो नाही. त्यांची नक्कल वेगळीच ठेवायची.

आता आवडीचा मुद्दा. बायकांना तांत्रिक गोष्टींची उपजत आवड नसते म्हणे. १९४५ साली अमेरिकेत एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार होत होता, तेव्हा त्याचे प्रोग्रॅम बसवायचं काम सहा तरुणींना दिलं गेलं: कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. शिकवायला पुस्तक नव्हतं, प्रोग्रॅमिंगची भाषा तर नव्हतीच. सुरुवातीला त्यांना त्या यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती; वायरिंगचे नकाशे समोर ठेवून त्यांनी यंत्र समजून घेतलं. मला यातली परवानगीची गोष्ट सारखी आठवते. आवड आहे की नाही हा प्रश्न यंत्राला हात लागल्यानंतरचा.

आपल्याकडे तो हात किती जणींचा लागतो? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७.१ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, स्त्रियांपैकी ३३.३ टक्क्यांनी. याला आवडीनिवडीतला फरक म्हणणाऱ्याने घरातला फोन कुणाच्या नावावर आहे आणि लॅपटॉपचा पासवर्ड कुणाला माहीत आहे, तेवढं आधी विचारून यावं.

आणि लिनक्सच हवं असेल तर केरळकडे बघा. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांनी कॉम्प्युटरचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे लिनक्सवर नेलं त्याला पंधरा वर्षांहून जास्त काळ झाला. मुलं दहावीपर्यंत त्यावरच शिकतात. त्यांना शिकवणाऱ्यांत शिक्षिकांची संख्या मोठी आहे. त्या सगळ्या इंजिनिअर नाहीत. कुणी मल्याळम शिकवतं, कुणी विज्ञान. प्रशिक्षण मिळालं आणि मशीन समोर आलं, म्हणून त्या शिकल्या.

मराठी टाइप होत नाही, हे चूक आहे. मी हा मजकूर लिनक्सवरच लिहिते आहे. सेटिंगमध्ये कीबोर्ड उघडून भाषेच्या यादीत मराठी जोडायची. सरकारी कार्यालयात इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकलेल्या बाईला काहीच नवं शिकायचं नाही, कारण तो आराखडा प्रमाणित आहे: ‘ल’च्या बटणावर शिफ्टने ‘ळ’ आणि ‘र’च्या बटणावर शिफ्टने ‘ऱ’ इथेही तसाच येतो. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टाइप करायची सवय असेल, तर आयबस नावाचा प्रोग्रॅम घ्यावा लागतो. तो बसवायला पहिल्यांदा कुणीतरी शेजारी असलेलं बरं. खरी अडचण जुन्या फायलींची आहे. युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेली पद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रं आणि प्रश्नपत्रिका तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांसारख्या दिसतात. पण त्या नव्या विंडोजवरही तशाच दिसतात, आणि त्या युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं काम कधीतरी करावंच लागणार आहे.

ऑफिसच्या कामांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या सूचना) असलेल्या एक्सेल फायली लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये, अडकतात. डिजिटल सहीच्या टोकनचा त्रास होऊ शकतो, आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर फार छळतात. ज्या बाईचं पोट या गोष्टींवर आहे तिला मी विंडोज सोडायला सांगत नाही. दोन्ही शेजारी ठेवता येतात. पण हा मेसेज ज्या बायकांना पाठवला जातोय त्यांची कामं कोणती? बचत गटाचा हिशेब, मुलांच्या फीची पावती, वीजबिल, आयकराचं विवरणपत्र, शिवणाच्या ऑर्डरींची यादी, यूट्यूबवरचं शिक्षण, नातवंडांचे फोटो. यातलं बहुतेक ब्राउझरमध्ये होतं आणि उरलेलं लिबरऑफिसमध्ये.

फुकटच्या वस्तूबद्दल एवढंच सांगते. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा गाभा आज जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० महासंगणकांवर चालतो, एकही अपवाद न करता, आणि हे २०१७ पासून असंच आहे.

राहिला घरातल्या पुरुषाच्या धावाधावीचा मुद्दा. मी बघितलंय ते असं. बाई कॉम्प्युटरसमोर बसते, पाच सेकंद थांबून विचार करते, तेवढ्यात मुलगा किंवा दीर ‘थांब, मी करून देतो’ म्हणत माऊस ओढून घेतो. काम होतं. पुढच्या वेळी तिला तेच पुन्हा विचारावं लागतं, कारण कुठे क्लिक केलं ते तिने पाहिलेलंच नसतं. हे चांगल्या मनानेच होतं, मीही केलंय. आता शनिवारी आमचा नियम आहे की शिकवणारीने माऊसला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं, बोटाने दाखवायचं, आणि तिला हवा तितका वेळ घेऊ द्यायचा. वेळ लागतो. पण त्या वेळात तिच्या वहीत तिच्या शब्दांत टिपण होतं, आणि पुढच्या वेळी ती वही उघडते.

ज्या ताईंनी फोनवर नकार दिला होता, त्यांच्या घरी मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. कपाटातला लॅपटॉप निघाला, चालू झाला, डेस्कटॉप आला आणि वायफायच दिसेना. काही लॅपटॉपांच्या वायफायला वेगळा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) लागतो, तसं होतं. मी खिशातून माझा फोन काढत होते. त्याआधीच त्यांनी विचारलं, “फोनचं नेट तारेनं देता येतं ना? मुलगी असंच करायची.” त्यांनी चार्जिंगची तार लावली, यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि नेट आलं. मग तासभर त्या फिरत होत्या, खेळ उघडून बघितला, मुलीला मेल पाठवला.

लिनक्स अजून त्यांनी कायमचं बसवलेलं नाही. लॅपटॉपमध्ये मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत, त्यांच्या नकलेसाठी बाहेरची हार्ड डिस्क हवी. ती त्या पुढच्या महिन्यात घेणार आहेत. तोवर पेनड्राइव्ह त्यांच्याकडेच ठेवला आहे.