घडीचा कोयता

परवा एका मॉलच्या दारातल्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'कोयता (घडीचा)' अशी नोंद झाली. पुण्यात सध्या कोयता म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरकतात. त्यात नोंद करणाऱ्याचं अक्षर दुर्दैवाने सुवाच्य होतं.

कोयता म्हणजे माझा नवा चाकू. मेहुण्याने परदेशातून येताना मोठ्या बॅगेत घालून आणलेला. वजन पाव किलोच्या वर, मूठ टायटॅनियमची, पातं सत्तुराच्या घाटाचं, चौकोनी, टोक नाहीच. एका मित्राला दाखवायचा म्हणून खिशात टाकला होता, आणि दारातल्या यंत्राने चुगली केली.

"साहेब, हे कशाला?" रक्षकाने तो दोन बोटांत धरून विचारलं.

आता याला उत्तर काय द्यायचं? मी कायद्यात शिरलो. शस्त्र नियमांप्रमाणे पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल तरच अडचण. माझं साडेतीन इंच लांब, दीड इंच रुंद.

"पट्टी नाय आपल्याकडं," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बघू."

मंडईतून थेट आलेल्या काकू होत्या. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून गाजरांचे शेंडे बाहेर. त्यांनी पिशव्या माझ्या पायावर ठेवल्या आणि चाकू तळहातावर घेऊन झुलवला.

"केवढा जड हा! हात नाही भरून येत?"

"काकू, वजनातच तर मजा आहे."

"मग वरवंटा घ्यायचा."

रांगेतलं कोणीतरी हसलं. मी दुर्लक्ष केलं.

"यातून आणखी काय काय निघतं?"

"काही नाही. एकच पातं."

"एकच?" त्यांना मनापासून वाईट वाटलं. "आमच्या ह्यांच्याकडे तो लाल स्विस होता. कात्री, बूच काढायचं, दात कोरायची काडीसुद्धा. आणि खिशात आहे हे कळायचंही नाही. कितीला पडला?"

मी खऱ्या किमतीतलं एक शून्य गाळलं. "आठशे."

"आठशे! अहो, तुळशीबागेत दीडशेला सुरी मिळते. फसवलं तुम्हाला." मग रक्षकाकडे वळून, "फसवलंय हो यांना." रक्षकाने सहानुभूतीने मान हलवली. घरी खरी किंमत कळली असती तर जेवढा अपमान झाला असता, तेवढा इथे दहा टक्क्यांतच झाला.

"उघडा बरं."

मी अंगठ्याने पातं सरकवलं. आत एक बारीकशी सिरॅमिक गोळी असते, ती खाचेतून सुटते आणि पातं फेकल्यासारखं बाहेर येतं. मग मुठीच्या पाटीचाच कापलेला एक पट्टा आत वळून पात्याच्या बुडाला टेकतो. खट्! या एका आवाजासाठी माणसं हप्त्यावर चाकू घेतात. काकूंनी तेवढ्यात गाजर काढलं होतं. "चिरा."

रक्षकानेही मान डोलावली. मी चिरलं. म्हणजे चिरायला घेतलं. असल्या चाकूंचं पातं पाठीला चार-पाच मिलिमीटर जाड असतं. धार गाजरात शिरते, मागून जाडी पाचरेचं काम करते आणि गाजर चिरत नाही, फुटतं. तसंच झालं. टच्कन दोन तुकडे, एक यंत्राखाली गेला.

"मोडतंय हो गाजर!" काकू आनंदाने म्हणाल्या. त्यांचं म्हणणं सिद्ध झालं होतं. पिशव्या उचलून त्या आत गेल्या. त्यांच्या पर्समध्ये काय होतं हे कोणी पाहिलं नाही.

मग ती नोंद. मी "चाकू लिहा" म्हटलं. रक्षक म्हणाला, "चाकूला टोक असतं." वर नाव, मोबाइल नंबर आणि सही.

उत्तम आणि सोयीचे चाकू जगात आहेत हे मला ठाऊक आहे. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा 8 नंबरचा चाकू पन्नास ग्रॅमही भरत नाही, लाकडी मूठ, पातं रोखायला एक फिरती कडी, आणि गाजर असं कापतो की काकूंनी माझा मुका घेतला असता. पण तो दिसतोही शहाण्यासारखा, आणि शहाणी वस्तू कोण जमवतं? मला फ्रान्सच्या थिएरमध्ये 1929 पासून बनणारा डूक-डूक आवडतो, दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि तिच्यावर प्रशांत महासागरातल्या मेलानेशिया बेटांवरचं भूत. स्पेनच्या अल्बासेते गावच्या नवाखा, म्हणजे घडीच्या सुऱ्या, आवडतात, उघडताना करकर वाजणाऱ्या. आपला रामपुरी तर एवढा बदनाम, पण उत्तर प्रदेशातल्या त्या रामपूरने 2023 मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केला आणि चौकाला त्याचंच नाव दिलं. रामपूरच्या मॉलमध्ये माझी नोंद नीट झाली असती, असं मला वाटतं.

आणि रामपूर कशाला? इथेच बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालयात जा. तिथे अडकित्ते आहेत, नाना घाटांचे, जड, पितळी, नक्षीदार. सुपारी फोडायला यातलं काहीही लागत नाही. लोक तिकीट काढून बघतात, "काय कला होती हो" म्हणतात. तेच मी खिशात ठेवलं की कोयता.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट मला तिसऱ्या मजल्यावर दिसली. भांड्यांच्या दुकानात आठ इंची, टोकदार, खरोखर कापणाऱ्या सुऱ्या रांगेने टांगलेल्या, आणि एक गृहस्थ दोन घेऊन, बिल करून, कागदी पिशवीत घालून, त्याच दारातून त्याच रक्षकाचा सलाम घेत बाहेर पडले. घरी येऊन मी नियम पुन्हा वाचला. लांबी-रुंदीच्या अटीपुढे लिहिलंय की घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. म्हणजे कायदाही काकूंच्याच पार्टीचा निघाला. त्यालाही आधी गाजर चिरून दाखवायला हवं.