प्रीफेच फोल्डर रिकामा करून पीसी फास्ट होत नाही

व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरतोय, की पीसी चालू केल्यावर अडकत असेल तर रनमध्ये जाऊन प्रीफेच टाइप करा, आतलं सगळं डिलीट मारा, मशीन नव्यासारखं पळेल. प्लीज करू नका. तो फोल्डर म्हणजे कचरा नाहीये, २००१ च्या एक्सपीपासून विंडोज त्यात टिपून ठेवतं की कुठला प्रोग्रॅम उघडताना डिस्कवरचं काय काय लागतं, म्हणजे पुढच्या वेळी ते आधीच वाचून ठेवता येतं, आणि जुन्या नोंदी स्वतःच काढून टाकतं. तुम्ही उडवलं की पुढचे काही दिवस प्रोग्रॅम उलट हळू उघडतात.

खरं कारण बघायचंय ना, मग चालू झाल्याझाल्या कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि टास्क मॅनेजरमधला डिस्कचा कॉलम बघा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तिथे बऱ्याचदा १००% दिसतं, कारण अँटिव्हायरस, अपडेट, वनड्राइव्ह, सगळे एकदम तुटून पडतात आणि डिस्क वाचणारं बिचारं हेड इकडून तिकडे धावत असतं. स्टार्टअप टॅबमधून नको ते डिसेबल करा, थोडा फरक पडतो, पण खरा फरक विंडोज एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, टाकल्यावरच कळतो, साधी साटा (जुन्या हार्ड डिस्कसारख्याच जोडणीची) वालीसुद्धा चालेल, रॅम नंतर बघा. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा.