‘काचेखाली मासे गुदमरतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

माशांच्या टाकीला घरच्या घरी काचेचं झाकण कसं करायचं, या माझ्या लेखाखाली काल रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. म्हणणं थोडक्यात असं: काचेच्या झाकणाखाली मासे गुदमरतात, त्यापेक्षा ॲक्रेलिक (पारदर्शक प्लॅस्टिकची शीट) बरं, काच चिकटवायच्या सिलिकॉनने पाणी विषारी होतं, आणि हे उद्योग करण्यापेक्षा तयार हूड, म्हणजे दुकानात मिळणारं टाकीचं झाकण, आणावं. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘मुक्या जिवांना काचेखाली कोंडून मारायचे धंदे बंद करा.’

चूक दाखवलीत तर मी ऐकतो. लेखात काचेच्या कडा घासून घ्यायला सांगायचं राहिलं होतं, ते तुमच्यामुळे लक्षात आलं आणि आज सकाळीच दुरुस्त केलं. त्याबद्दल आभार. पण ‘धंदे’? मी एकही झाकण कुणाला विकलेलं नाही. एखाद्या अनोळखी माणसाशी बोलायची ही कुठली पद्धत? हेच तुम्ही साध्या शब्दांत विचारलं असतंत तर मी फोटो काढून समजावलं असतं.

आता कोंडून मारण्याबद्दल. आमच्याकडे पहिली टाकी आली तेव्हा मी सहावीत होतो. वडिलांनी कुर्ल्याहून आणलेली, लोखंडी अँगलची, वर काही नाही. तिच्यात पर्ल गौरामी माशांची जोडी होती. एका सकाळी आई केर काढत होती, तेव्हा चपलांच्या स्टँडमागून केरसुणीला काहीतरी लागलं. तिला वाटलं वाळलेलं पान. मी उचललं तर तो नर होता. अंगाला धूळ आणि केस चिकटलेले, शेपूट कडक, पोटाखालची केशरी छटा मात्र तशीच. तो उडी मारून बाहेर पडला आणि मेला, तो झाकण नव्हतं म्हणून. त्या दिवसापासून माझ्या घरात एकही टाकी उघडी राहिलेली नाही, आणि उडी मारून गेलेला तो शेवटचा मासा.

मासे झाकणातून श्वास घेत नाहीत हो. ऑक्सिजन पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागावरून, आणि पृष्ठभाग हलता असेल तर जास्त मिसळतो. माझी टाकी ३ फुटी, ९० बाय ३० सेंटिमीटर. पाणी आणि काच यांच्यामध्ये मी ४ सेंटिमीटर जागा सोडतो, म्हणजे जवळपास ११ लिटर हवा. तिच्यात साधारण ३ ग्रॅम ऑक्सिजन असतो. खालच्या शंभरेक लिटर पाण्यात, आपल्याकडच्या तापमानाला, एक ग्रॅमही विरघळलेला नसतो. म्हणजे तुम्ही ज्याला कोंडणं म्हणता त्या फटीत अख्ख्या टाकीतल्या पाण्याच्या तिप्पट ऑक्सिजन आहे! शिवाय मागचा कोपरा नळीसाठी कापलेला आहे आणि पंपाची हवा दिवसभर आत येते. काच दोन तुकड्यांत आहे, कोपऱ्यांतल्या पट्ट्यांवर नुसती टेकवलेली. ती हवाबंद नाही, हे लेखातल्या तिसऱ्या फोटोत दिसतं. तो फोटो तुम्ही पाहिला असेल असं वाटत नाही.

गौरामी आणि फायटर हे मासे तर वर येऊन थेट हवाच घेतात. डिसेंबरात आमच्या डोंबिवलीतही पहाटे गारवा असतो, तेव्हा झाकणाखालची दमट, उबदार हवा त्यांना मानवते.

बाकीच्या मुद्द्यांत फार शिरत नाही. ॲक्रेलिकची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहते, त्यामुळे पातळ शीट मधोमध पोटासारखी खाली येते. माझ्या दोन वाया गेल्या. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन नको, हे मी ठळक अक्षरांत लिहिलंय. साधं सिलिकॉन पूर्ण वाळू द्यायचं, वास गेला की झालं. तुमची स्वतःची काचेची टाकीसुद्धा सिलिकॉननेच जोडलेली आहे. हूड ज्याला परवडतं त्याने जरूर आणावं.

तरीही शंका असेल तर एक करा. पहाटे, लाइट लावायच्या आधी, टाकीसमोर उभे राहा. ऑक्सिजन सगळ्यात कमी तेव्हाच असतो, कारण रात्रभर वनस्पतीही तो वापरतात. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाणी हलवायची सोय वाढवा आणि मासे कमी करा. झाकण काढू नका.