पंधरा दिवसांची ताई

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी जी चर्चा पेटली, तिला निमित्त झाली आप्पांची अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस काठमांडूच्या एका बालगृहात मुलांना इंग्रजी शिकवायला जाण्याचा तिचा बेत आहे, आणि आप्पांनी मोठ्या कौतुकाने तिचा अर्ज मोबाइलवर आम्हाला दाखवला. त्यात टी-शर्टचे माप विचारले होते, शाकाहारी की मांसाहारी हेही विचारले होते. लहान मुलांसोबत कधी काम केले आहे का किंवा पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आहे का, हे मात्र कोठेच विचारलेले नव्हते.

वकीलसाहेबांनी नेमके तेवढेच धरले. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात नेपाळच्या दुर्गम जिल्ह्यांतील कित्येक आईबापांनी, मुलाला शिक्षण मिळेल या दलालाच्या शब्दावर विसंबून, पैसे मोजून आपली मुले काठमांडूला धाडली आणि त्यांतली अनेक मुले कागदोपत्री अनाथ झाली, हे त्यांनी सांगितले. तिथल्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि ही बालगृहे मुख्यतः काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच आहेत. पैसे भरून येणारे पाहुणे आहेत म्हणून मुले आणली जातात, ही गोष्ट आता जगाने ओळखली आहे. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरील ठरावात तिची दखल घेतली.

सरांना हे पटले नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून कॉलेजच्या मुलांना शिबिरासाठी खेड्यात नेते, त्यांना कोणी नावे ठेवत नाही, असे ते म्हणाले; आणि पुढे त्यांनी जे विचारले, त्याने मी खरोखर अडखळलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही १९२४ साली खेड्यापाड्यांतील गरिबांची मुले घरापासून दूर, याच साताऱ्यातल्या वसतिगृहात आणली होती, मग ते चूक होते का?

मला वाटते, फरक तिथेच आहे. कर्मवीरांच्या वसतिगृहातील मुलाला आईबाप होते आणि ते कोणी लपवले नाहीत. त्याच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून कर्मवीरांच्या पत्नी ज्या लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले, त्या पंधरा दिवसांनी परत जाणाऱ्या नव्हत्या. सेवा योजनेच्या शिबिरात माण तालुक्यातल्या एखाद्या गावी बांधलेला बंधारा पोरे निघून गेल्यावरही पाणी अडवतो. लहान मुलाचे तसे नसते. ते नव्या ताईला बिलगते, तिचे नाव पाठ करते, ती गेली की हिरमुसते, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा दुसऱ्या ताईपुढे तेच गाणे म्हणायला उभे राहते. असे वर्षानुवर्षे चालले, तर कोणावर जीव लावावा हेच त्याला कळेनासे होते.

“मग तिने जाऊच नये का?” आप्पांनी विचारले. जावे, जरूर जावे, असे मी म्हणालो. पण तिला संगणक येतो, तर तो एखाद्या शाळेतल्या शिक्षकांना शिकवावा, म्हणजे ती परतल्यावरही तिथली मुले शिकत राहतील. आणि बालगृहातच जायचे असेल, तर या मुलांचे आईवडील कोठे आहेत व सोळाव्या दिवशी मुलांपाशी कोण असेल, एवढे दोन प्रश्न तिने आधी संस्थेला लेखी विचारावेत. सरांनीही याला मान डोलावली.

आप्पांनी तिथूनच मुलीला फोन लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग “विचारते, बाबा,” एवढेच म्हणाली. सोमवारी सकाळी तिने पत्र पाठवले. आज शुक्रवार आहे, आणि उत्तर अद्याप आलेले नाही.