खिशातला गणपती

सध्या माझ्या खिशात कायम एक गणपती असतो. भक्तीचा संबंध नाही. फ्रिजवर लाइट बिल अडकवायचं चुंबक आहे ते, बायकोनं गणपतीपुळ्याहून आणलेलं. अण्णांची फियाट मला रंगवून घ्यायची आहे, आणि रंगारी पारखायचा तर त्यानं आधी रंगवलेल्या गाडीला चुंबक लावून बघावं, असं सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल होऊन बाहेर पडलेल्या माझ्या एका मित्राचं म्हणणं. खाली नुसता पत्रा असेल तर चुंबक धरतं. पुट्टीचा जाड लेप असेल तर घसरतं. शास्त्र सोपं आहे. फक्त चुंबक गणपतीचं नको होतं.

शंभर फुटी रोडवरच्या पहिल्याच गॅरेजात मी एका नुकत्याच रंगवलेल्या गाडीच्या दाराला गणपती लावला. तो दोन बोटं सरकला, थांबला आणि टपकन खाली पडला. सगळं गॅरेज गप्प झालं. गाडीचा मालक तिथंच उभा होता, त्याच दिवशी गाडी घरी न्यायला आलेला. "गणपती पडला की ओ!" तो म्हणाला. गॅरेजवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी "आठ दिवसांत देतो, एकदम फॅक्टरी फिनिश" हे त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्कूटरला किक मारली.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडं तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच. १०८९ सीसी, स्टिअरिंगजवळ हँडल गिअर, पुढं एकसलग बाक, मागं दोन्ही बाजूंना माशाच्या पंखासारखी पत्र्याची टोकं. अण्णा मार्केट यार्डात हळदीचे अडत्ये होते. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेल्या या गाडीतून त्यांनी माणसांपेक्षा हळदीचे नमुने जास्त फिरवले. मागची सीट उचलली तर अजून पिवळी पूड निघते. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना एकदम अण्णांची आठवण झाली. सगळ्यांनी हात जोडलेले, रडलेले चेहरे टाकले. शेवटी आत्यानं लिहिलं, "आपली फियाट पुन्हा पहिल्यासारखी करायची." अंगठे सत्तावीस आले. वर्गणी शून्य.

पहिल्यासारखी म्हणजे कोणत्या रंगाची, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही. तो नंतर सुचला. आई म्हणते आकाशी होती. काका म्हणतात राखाडी, आणि "मीच अण्णांबरोबर गाडी आणायला गेलो होतो" हेही म्हणतात. आत्याला पिस्त्याचा रंग आठवतो. पुरावा म्हणून १९७८ च्या दसऱ्याचा फोटो आहे. झेंडूची माळ, शेजारी टोपी घातलेले अण्णा. फोटो कृष्णधवल. त्यात झेंडूही राखाडी दिसतो, त्यामुळं काका खूश. जुन्या आरसी बुकात रंगाचा रकाना होता, पण ते बुक २०१९ च्या पुरात भिजलं आणि नेमकी तिथलीच शाई पसरली. नव्या कार्डावर 'सिल्व्हर' आहे. ते माझ्या चुलतभावाचं कर्तृत्व.

पुराचं सांगायला पाहिजे, कारण सांगलीत गाडी रंगवायला नेली की पहिला प्रश्न "मॉडेल कुठलं?" हा नसतो. "पुरातली हाय का?" हा असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं. किती फुटाला आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं हे गावभागातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आम्ही माणसं, कपाटातले दागिने आणि लोणच्याच्या बरण्या वरच्या मजल्यावर हलवल्या. गाडी काही जिन्यावरून चढेना. पाणी ओसरल्यावर तिला धुतली, वाळवली, आठवडाभर दारं उघडी ठेवून उन्हात उभी केली. इंजिन मिस्त्रीनं उघडून बांधलं आणि ते चालू झालं, यावरून आम्ही समजलो की गाडी वाचली. मी तर गॅरेजात सरळ सांगत सुटलो, "पाणी? छे, जेमतेम चाकापर्यंत."

दुसरं गॅरेज कुपवाड एमआयडीसीत. तिथं काचेचा दरवाजा, गार हवा, कपबशीतून चहा आणि स्प्रे बूथ. बूथ म्हणजे खोलीच, आत गाळलेली हवा, रंगावर धुळीचा कण बसायची भीती नाही. मी भारावलो. टाय लावलेल्या पोरानं टॅबवर कंपनीची यादी उघडली, वर-खाली केली, पुन्हा वर नेली आणि विचारलं, "सर, 'अदर'मध्ये टाकू का?" प्रीमियर कंपनी यादीत नव्हती. ज्या वालचंद हिराचंदांच्या घराण्यानं कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी काढली, त्याच घराण्याचं नाव त्याच्या कॉलेजला होतं. तो विश्रामबागेतल्या वालचंदमधूनच शिकून आला होता! मी हे सांगितलं. तो "ओके सर" म्हणाला आणि 'अदर'मध्ये टाकलं.

मग लक्षात आलं की चूक त्या पोराची नाही. असली वर्कशॉपं विम्याच्या कामावर चालतात. दार चेपलं की दार बदला, बंपर गेला की नवा लावा, प्रत्येक कामाला ठरलेले तास, ठरलेला दर. फियाटचं नवं दार आणायचं कुठून? तिथं पत्रा कापून, हातानं वळवून, गॅसनं जोडून आकार काढावा लागतो, आणि त्याला किती दिवस लागतील हे रंग खरवडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. टॅबला तर नाहीच नाही. एस्टिमेट आलं ते दोन आकड्यांच्या मध्ये रेघ मारून. त्या दोन आकड्यांच्या मध्ये एक नवी कोरी मोटरसायकल बसली असती.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. कोल्हापूरचे एक जण फक्त व्हॉट्सॲपवर बोलतात आणि फक्त आवाज पाठवतात, त्यात मागं कायम कुणीतरी हॉर्न वाजवत असतं. माधवनगरच्या एकानं फोटोवरूनच भाव सांगितला. माझ्या मेव्हण्याचा मित्र "आपलाच माणूस" निघाला, म्हणून त्याच्याकडं गेलोच नाही. आणखी एकानं भर आषाढात, बाहेर पाऊस चालू असताना, जुना एनसी रंग चार दिवसांत मारून देतो म्हणून छातीवर हात ठेवला. एनसी वाळतो तो थिनर उडून. हवेत दमट असलं की वर पांढरं धुकं धरतं आणि गाडी कायमची सायीच्या दुधासारखी दिसते. हे ज्ञान मला तोवर झालं होतं. घरी ते कुणालाच नको होतं.

"अहो, तुम्ही गाडी रंगवताय का गॅरेजवाल्यांवर पीएचडी करताय?" बायकोनं विचारलं. "आणि माझा गणपती कुठाय? बिल उडून शेगडीवर पडलं काल."

मधल्या काळात मित्र आपलं यंत्र घेऊन आला. टेकवलं की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, दाखवतं. कंपनीच्या रंगाला साधारण शंभर-दीडशे यायला हवेत, म्हणाला. आमच्या छतावर चारशे आले. दारावर नऊशे. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर एक हजार आठशे. मित्र खाली बसला. "पत्रा एक मिलिमीटरचासुद्धा नसतो रे. तुझ्या गाडीवर पुट्टीच पत्र्याच्या दुप्पट आहे. पत्रा तिला धरून उभा आहे का ती पत्र्याला, सांगता येत नाही." मी इतके दिवस लोकांच्या गाड्यांना गणपती लावत फिरत होतो. स्वतःच्या गाडीला लावून बघायचं सुचलं नव्हतं. लावला. पडला.

मिरजेच्या रंगारी चाचांचा पत्ता मला शंभर फुटी रोडवरच्याच एका रंगाच्या दुकानदारानं दिला. "बोर्ड नाही. मिरजेत जाऊन विचारा." मी फोन केला, फोटो पाठवू का म्हणालो. "फोटूला काय हात लावू? गाडी आणा." तेवढं बोलून फोन ठेवला. म्हणून एका रविवारी गावभागातून मिरजेपर्यंतचे दहाएक किलोमीटर मी चाळीसच्या वेगानं गेलो. सिग्नलला दोघांनी सेल्फी काढले, एकानं "विकायची का?" विचारलं.

पत्र्याची शेड, दारात कडुनिंब, आत एक जीप अर्धी सोललेली. बूथ नाही. पोरगा जमिनीवर पाणी शिंपडत होता, धूळ बसावी म्हणून. चाचा सत्तरीचे, चष्म्याला दोरी. मी खिशात हात घातला, पण ती जीप नागडीच होती, गणपती लावणार कशाला? तोवर त्यांनी माझ्या गाडीची तपासणी सुरू केली होती. हातात काही यंत्र नाही. मधल्या बोटाच्या पेरानं दार वाजवत निघाले. ठण, ठण, ठण, ठप. थांबले. पुन्हा मागं आले. ठण, ठप. खडूनं तिथं रेघ मारली. शेजारच्या गल्लीत तंबोरे बनवणारे भोपळा असाच वाजवून घेत असतील, असं मला वाटलं. पाऊण तासानं गाडीवर खडूचा नकाशा उमटला होता आणि त्यात ठणचं राज्य फारच थोडं होतं.

"पुरातली?"

"हो. पण पाणी चाकापर्यंतच."

चाचा काही बोलले नाहीत. पोराला खूण केली. त्यानं दाराच्या आतलं कव्हर खिळ्या उपटून काढलं. आत, काचेच्या थोडं खाली, पत्र्यावर एक सरळ तपकिरी रेघ होती, पट्टीनं ओढल्यासारखी. चाचांनी तिच्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं. मग दाराखालच्या पोकळ पट्टीची बुजलेली भोकं स्क्रूड्रायव्हरनं मोकळी केली आणि हात पुढं धरला. तळहातावर बारीक, मऊ, वाळलेला गाळ पडत राहिला.

"ही कृष्णा," म्हणाले. "पाच-सहा वर्सं हितंच बसलीय."

मी शाळेतल्या मुलासारखा उभा. मग ते हळूहळू बोलले. या गाडीला वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा आणि दाराखालची ही पट्टी हाच तिचा कणा. वरून रंग चकाचक करून काय उपयोग, कणा गंजला असेल तर दारं एक दिवस लागायचीच बंद होतील. भोकं बुजली, ओल आत राहिली, पत्रा आतून खात गेला, आणि दर वेळी कुणीतरी बाहेरून पुट्टी भरली. "रंग शेवटी. आधी पत्रा."

किती खर्च, किती दिवस? "सगळं खरवडल्याशिवाय सांगत नाही." अंदाज? "अंदाज सांगितला तर तुमी तोच लक्षात ठेवणार." चार महिन्यांत हा पहिला माणूस, ज्यानं मला कसलंही आश्वासन दिलं नाही. मी तिथंच मनातल्या मनात अॅडव्हान्स दिला.

एकच विनंती केली. मूळ रंग कुठला ते बघता येईल का? त्यांनी डिकीच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला जागा निवडली. चिंधी थिनरमध्ये बुडवून घासली. वरच्या रंगाचं काही चिंधीवर आलं नाही. "हा हार्डनरवाला." मग चारशे नंबरचा पेपर पाण्यात भिजवून बोटांनी गोल गोल फिरवायला लागले. आधी सिल्व्हर गेला. चुलतभाऊ नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हाचा, डिपॉझिट गेलं आणि रंग राहिला. खाली मरून वर्तुळ उघडलं, ते ताईच्या लग्नातलं, वराकडच्यांना मरून आवडतो म्हणून. त्याच्या आत पांढरं. हळदीच्या पोत्यांच्या बैलगाडीनं मागून ठोकलं होतं तेव्हा अण्णांनी तो दिला होता, वैतागून, स्वस्तातला. चिंधी पुन्हा थिनरमध्ये बुडवली, आता मात्र रंग चिंधीवर यायला लागला. "हे जुनं. एनसी. याच्यावर नवा पीयू, हार्डनरवाला, मारला तर सुरकुत्या येऊन उठंल. म्हणून सगळं उतरायला लागतंय." पाणी सोडत, बोट फिरवत, अगदी मधोमध रुपयाएवढं एक वर्तुळ उघडलं.

पोरानं त्यावर स्वच्छ पाणी ओतलं. मी, चाचा आणि तो पोरगा, तिघंही वाकून बघत होतो. निळसर होता. उजेडात राखाडी वाटत होता. कडुनिंबाची सावली पडली की थोडा हिरवा.

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. पहिला फोन आईचा. "बघ, आकाशी! मी काय वेडी होते काय?" तो ठेवतोय तोवर काकांचा मेसेज, तीन उद्गारचिन्हांसह: 'राखाडी.' आत्यानं नुसता पिस्त्याच्या बर्फीचा फोटो टाकला. चुलतभावानं लिहिलं की सिल्व्हर चांगला दिसतो, तो कशाला घालवता.

चाचांनी माझा फोन लांब धरून सगळं वाचलं. चिंधी पिळून खिळ्यावर टांगली.

"घरात एक ठरलं की या," म्हणाले. "घाई नाय. माझ्याकडं बी दिवाळीपातूर जागा नाय."