बिनजाहिरातीचे दिवस

अण्णांच्या साठीला काय द्यावं यावर घरात बरीच खलबतं झाली. आईने सुचवलेला मफलर डोंबिवलीच्या उन्हाळ्यात हास्यास्पद वाटला, म्हणून मी त्यांना दोन चॅनल दिले. हे २०१३ सालचं. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रजी सिनेमे दाखवणाऱ्या एचबीओने आपल्याकडे ‘एचबीओ डिफाइन्ड’ आणि ‘एचबीओ हिट्स’ असे दोन खास चॅनल आणले होते. नेहमीच्या पॅकवर वेगळे पैसे भरायचे आणि त्या बदल्यात सिनेमात एकही जाहिरात नाही. अण्णा साध्या एचबीओचे २००० सालापासूनचे, म्हणजे ते आपल्याकडे आलं तेव्हापासूनचे भक्त. इंग्रजी मारामारी त्यांना भाषेवाचून कळते. पुढे खाली सबटायटल यायला लागली तेव्हा तर त्यांना शिकवणीच लागल्यासारखं झालं. फक्त शिवी आली की आवाज गडप व्हायचा आणि खाली एखादा सोज्वळ शब्द उमटायचा. पिस्तूल रोखलेला माणूस इतकं सभ्य बोलतो हे पाहून, आपल्या सोसायटीच्या सभेपेक्षा तिकडच्या गुंडांची भाषा बरी, असं त्यांचं ठाम मत झालं.

पहिल्या रात्री नऊला सिनेमा लागला. साडेनऊपर्यंत सगळं झकास. मग अण्णांची खुर्चीत चुळबुळ सुरू झाली.

“अरे, ॲड कधी लागते?”

“नाहीच लागत, अण्णा. त्याचेच तर पैसे भरलेत.”

पाच मिनिटं शांतता. पडद्यावर कुणीतरी पुलावरून लोंबकळत होतं.

“मग माणसाने जायचं कधी?”

मधुमेही माणसाला हा प्रश्न विचारायला लावणारी भेट मी दिली होती. ते अखेर गेलेच आणि परत आले तोवर लोंबकळणारा माणूस दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा निघाला होता. तो कसा, हे मला सांगता येईना, कारण त्याच सुमारास स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला होता आणि मी तिकडे धावलो होतो.

दूध उतू गेलं होतं. चूक कुणाचीच नव्हती. आमचं घर जाहिरातींवर चालत होतं आणि हे आम्हाला जाहिराती बंद होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. पहिल्या ब्रेकला आई कुकर लावायची. दुसऱ्याला दही विरजायची. तिसऱ्याला “अहो, तेवढा नारळ खवून द्या” म्हणायची आणि अण्णा मुकाट्याने विळी पुढे ओढायचे, कारण साबणाच्या जाहिरातीत नवऱ्याला सबब सापडत नाही. दुधाखालचा गॅसही ब्रेकच्या भरवशावर मोठा असायचा. आता अण्णांना हाक मारावी तर “थांब, महत्त्वाचं चाललंय”, आणि त्या चॅनलवर सलग दोन तास महत्त्वाचंच चालायचं.

पैसे मोजून मनस्ताप घेतला की माणूस तो आला कुठून याच्या मागे लागतो. मी एचबीओचा इतिहास वाचून काढला आणि जरा बरं वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांचंही दूध उतू गेलं होतं.

चार्ल्स डोलन नावाच्या न्यूयॉर्कच्या केबलवाल्याला १९७१ साली बोटीने फ्रान्सला जाताना ही कल्पना सुचली. माणूस सुट्टीवर निघालेला, पण केबलवाला तो केबलवालाच. कंपनीला नाव मिळेना, तेव्हा तात्पुरतं म्हणून ‘होम बॉक्स ऑफिस’ ठेवलं, म्हणजे घरातली तिकीटखिडकी. आपल्याकडे ‘बाळ’ म्हणता म्हणता साठीलाही बाळच राहतो, तसं ते चिकटलं. ८ नोव्हेंबर १९७२ला पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे गावात चॅनल सुरू व्हायचं होतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला हॉकीचा सामना आणि मग सिनेमा, असा बेत. आणि ऐन वेळी वाऱ्याने गावातला अँटेना आडवा पाडला. तो कसाबसा उभा करून कार्यक्रम पार पडला. पाहणारी घरं किती? ३६५. आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याकडे नव्वदच्या दशकात याहून जास्त जोडण्या असतील, आणि तो तर रात्री स्वतःच्या व्हीसीआरवरून नवा सिनेमा लावायचा. त्याचा इतिहास कुणी लिहिला नाही.

पुढे १९७५ला मनिलामधली महंमद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत एचबीओने उपग्रहावरून अमेरिकेत दाखवली आणि गाडी सुसाट सुटली. ते सगळं यशाचं प्रकरण आहे, म्हणून त्यात मला फारसा रस नाही.

अण्णांना भावला तो ‘कॅप्टन मिडनाइट’. अमेरिकेत लोक अंगणात खोलीएवढ्या डिश लावून एचबीओ फुकट बघायचे. १९८६च्या जानेवारीत कंपनीने चित्र सांकेतिक करून टाकलं आणि डिशवाल्यांकडे महिन्याला १२.९५ डॉलर मागितले. फ्लोरिडात डिश विकणाऱ्या एका माणसाचा धंदा त्यात बसला. पोटासाठी तो उपग्रहाकडे सिग्नल सोडणाऱ्या एका केंद्रात रात्रपाळी करायचा. २७ एप्रिलला मध्यरात्रीनंतर त्याने तिथली मोठी डिश एचबीओच्या उपग्रहाकडे वळवली आणि साडेचार मिनिटं चालू सिनेमावर ‘कॅप्टन मिडनाइट’ या नावाने आपला निषेध झळकवला: एवढे पैसे देणार नाही! त्याला ५,००० डॉलर दंड झाला.

“साडेचार मिनिटं?” अण्णा म्हणाले. “म्हणजे एक ब्रेकच की. त्या रात्री तिकडे कितीतरी लोक जाऊन आले असतील.”

मग जून आला, आणि अण्णांना ब्रेक मिळाले. आपल्या छोट्या डिशवर ज्या लहरी येतात त्या जोरदार पावसाचे थेंबच शोषून घेतात. अमेरिकेतल्या त्या अगडबंब डिशना हा त्रास फारसा नव्हता. नायक बॉम्बची लाल तार कापायला कात्री उचलतो, त्याच क्षणी डोंबिवलीत सर कोसळायची आणि पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’. मी छत्री घेऊन गच्चीवर, आई खिडकीतून “आलं! गेलं! होतं तिथेच ने!”, अण्णा समाधानाने बाथरूममध्ये. त्या पावसाळ्यात एकदाही दूध उतू गेलं नाही.

दोन्ही खास चॅनल तीनेक वर्षांत बंद पडले. देशभरात आमच्यासारखीच घरं असावीत असा माझा कयास आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ज्याचे त्याचे चॅनल ज्याने त्याने निवडायचा नियम आला: १३० रुपये आणि वर जीएसटी भरून १०० चॅनलची जागा, पैसेवाले चॅनल निराळे. अण्णांनी कॅलेंडरच्या मागे तीन रात्री यादी केली. ती मी फोनवरून कस्टमर केअरला वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चार भाषांतले भक्तीचे चॅनल आले, एचबीओ सोडून. ते परत आणायला अकरा फोन लागले. प्रत्येक फोनवर मला तेच संगीत ऐकवलं गेलं. मध्ये ब्रेक नव्हता.

एवढं करून आणलेलं साधं एचबीओही १५ डिसेंबर २०२०ला आपल्याकडून कायमचं गेलं. अण्णा दोन दिवस त्या रिकाम्या नंबरवर जाऊन बघत होते.

गेल्या महिन्यात मोबाइलवरून नवं सिनेमाचं ॲप घेताना दोन पर्याय समोर आले: स्वस्त, जाहिरातींसह; किंवा महाग, जाहिरातींशिवाय. मी अण्णांना विचारलं. उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

“जाहिरातींचं घे रे. आणि ह्यांना म्हणावं, विळी तिथेच ठेवलीय.”