जेनिफर केंडलने अभिनय सोडला नव्हता

शशी कपूरची जयंती असो की पुण्यतिथी, एक मजकूर हमखास फिरतो. इंग्लंडची एक गोरी मुलगी शशीच्या प्रेमात पडली, लग्न करून भारतात आली, संसारासाठी तिने अभिनयावर पाणी सोडलं आणि पुढे नवऱ्याने हौसेखातर तिला '३६ चौरंगी लेन' हा सिनेमा काढून दिला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यात प्रेमात पडली एवढंच धड खरं आहे. त्यागाचं कौतुक करता करता एका कसलेल्या नटीचं आयुष्यभराचं काम पुसलं जातंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'लग्न करून भारतात आली' इथूनच सुरुवात करू. जेनिफरचा जन्म इंग्लंडमधल्या साउथपोर्टचा. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल यांची 'शेक्सपिअराना' ही फिरती नाटक मंडळी. आपल्या जुन्या मंडळ्यांसारखंच बिऱ्हाड पाठीवर, ट्रंकांमध्ये कपडेपट, आज या गावी तर उद्या त्या. शाळांचे हॉल, संस्थानिकांचे वाडे, जागा मिळेल तिथे शेक्सपिअर. १९५३ ते १९५६ या काळात या मंडळीने भारतात आठशेच्या वर प्रयोग केले आणि त्यांची नायिका होती जेनिफर. शशी तिला भेटला तो १९५६ मध्ये, याच दौऱ्याच्या शेवटी. तेव्हा तो विशीही न गाठलेला पोरगा होता आणि ती मुरलेली नटी. पुढे शशीच तिच्या वडिलांच्या मंडळीत कामं करू लागला. लग्नाला जेफ्रींचा विरोध होता. लेक गेली की मंडळीची नायिका जाते, हे त्यांना दिसत होतं. लग्न झालं १९५८ साली.

आता 'अभिनय सोडला'. तीन मुलं झाली, साठच्या दशकात तिची कामं विरळ झाली, हे मान्य. १९६५ च्या 'शेक्सपिअरवाला' या सिनेमात ती छोट्याशा भूमिकेत आहे. त्यातली नायिका म्हणजे तिची धाकटी बहीण फेलिसिटी, दोघींची गल्लत करू नये. पण १९७० मध्ये 'बॉम्बे टॉकी'त ती थेट नायिका आहे. नंतर श्याम बेनेगल यांचा 'जुनून', मग 'हीट अँड डस्ट', आणि शेवटी सत्यजित राय यांचा 'घरे बाइरे'. 'जुनून' तर प्रत्येकाने तिच्यासाठी पुन्हा पाहावा. १८५७ चा उठाव, मुलीसह दुसऱ्याच्या घरात आसरा घेतलेली मरियम आणि त्या कोवळ्या मुलीने पछाडलेला जावेद खान. मरियम आहे जेनिफर, जावेद आहे शशी. नवरा-बायको समोरासमोर उभे आहेत आणि एक आई शब्दांच्या जोरावर त्याला थोपवून धरते. दिल्ली तुमच्या हाती राहिली तर मुलगी देईन, असं ती सांगते तेव्हा आवाज चढत नाही, मान झुकत नाही. अभिनय सोडलेल्या बाईला हे जमतं का?

'नवऱ्याने हौसेखातर काढून दिला' हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. '३६ चौरंगी लेन'चा निर्माता शशी होता, हे खरंच. 'जुनून'चाही तोच. पण लेखन-दिग्दर्शन अपर्णा सेन यांचं, आणि भूमिका कुठली, तर कलकत्त्यातल्या एकाकी, वय झालेल्या अँग्लो-इंडियन शिक्षिकेची. बायकोची हौस पुरवणारा नवरा अशी भूमिका निवडेल? जेनिफरने तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. तिने चाल मंद केली, खांदे पाडले, चेहऱ्यावरची सगळी ऐट उतरवून ठेवली. या शिक्षिकेच्या, म्हणजे व्हायलेट स्टोनहॅमच्या म्हाताऱ्या भावाचं काम तिच्या खऱ्या वडिलांनी, जेफ्रींनी केलंय. शेवटी फसवली गेलेली व्हायलेट रात्रीच्या रस्त्यावर एकटीच उभी राहते आणि समोर आलेल्या कुत्र्याला 'किंग लिअर'मधल्या ओळी ऐकवते. ज्या मुलीने गावोगावच्या शाळकरी पोरांपुढे शेक्सपिअर म्हटला, तीच इथे तो एका भटक्या कुत्र्यापुढे म्हणते. हा प्रसंग कधीही पाहिला तरी माझ्या घशात आवंढा येतो. या भूमिकेसाठी तिला लंडनचा 'इव्हिनिंग स्टँडर्ड' पुरस्कार मिळाला. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकनही मिळालं. तिथे ती हरली ती कॅथरीन हेपबर्नकडून. तिथल्या परीक्षकांना शशी कपूरच्या हौसेशी काय देणंघेणं?

राहिलं 'संसार सांभाळला'. सांभाळलाच. आणि त्याच हातांनी जुहूचं पृथ्वी थिएटरही उभं केलं. स्वप्न सासऱ्यांचं, पृथ्वीराज कपूरांचं, पैसा शशीच्या सिनेमांचा; पण रोजचं थिएटर चालवायला उभी राहिली ती जेनिफर. तीन बाजूंनी प्रेक्षक, नटाचा श्वास ऐकू येईल एवढी जागा. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पडदा उघडला तो गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगाने. आपल्या मराठी नाटकाने! हे त्या मजकुरात कुणी लिहीत नाही. ७ सप्टेंबर १९८४ ला कॅन्सरने ती लंडनमध्ये गेली. पृथ्वीची सहा वर्षंसुद्धा तिला पुरती पाहता आली नाहीत.